नाताळच्या सुट्टीत नातवंडांनी स्वतःच्या हातांनी करण्यासारखे गोड पदार्थ सुचवावेत (ओव्हन नाही, संत्री भरपूर)

त्रिमूर्तीनगरचे आजोबा

नमस्कार. माझी तीन नातवंडे २४ डिसेंबरला पुण्याहून नागपूरला येत असून १ जानेवारीपर्यंत आमच्याकडेच राहणार आहेत. थोरली नात ११ वर्षांची आहे, नातू ८ वर्षांचा आणि धाकटी नात साडेचार वर्षांची. सौभाग्यवतींच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया गेल्याच महिन्यात झाल्यामुळे स्वयंपाकघराचा ताबा सध्या माझ्याकडे आहे, आणि गणिताचा निवृत्त शिक्षक या नात्याने माप चुकणार नाही एवढीच काय ती माझी पात्रता आहे.

गेल्या वर्षी मी मुलांसाठी संत्र्याची बासुंदी करण्याचे ठरवले होते. दोन लिटर दूध पाऊण तास ढवळत आटवले, साखर घातली, वेलची घातली, आणि शेवटचा मान म्हणून थोरल्या नातीच्या हाती ताज्या रसाचा पेला दिला. तिने तो मोठ्या उत्साहाने गंजात ओतला. गॅस मंद का होईना पण सुरूच होता, आणि बघता बघता दुधाचे बारीक कण होऊन हिरवट-पिवळे पाणी वेगळे झाले. नातू म्हणाला, "आजोबा, तुम्ही तर गोड पनीर केलं!" आम्ही ते फडक्यातून गाळून खाल्लेही, पण नात दिवसभर हिरमुसली होती, कारण आपल्याच हातून दूध नासले असे तिला वाटत होते.

मात्र दूध नासल्यापेक्षा मला दुसरीच गोष्ट अधिक खटकली. तो पाऊण तास तिन्ही मुले स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून "आता आम्ही काय करू?" एवढेच विचारत होती, आणि माझ्याजवळ त्यांना देण्यासारखे काम नव्हते. मुलांसोबत करायचा पदार्थ म्हणून जे सांगितले जाते, त्यात प्रत्यक्षात सगळे मोठ्यांनीच करायचे असते आणि मुलांनी वरून पिस्ते टाकायचे असतात, असा माझा अनुभव आहे. यंदा मला उलट हवे आहे. निम्म्याहून अधिक काम मुलांच्या हातांनी व्हावे आणि विस्तवाजवळचे तेवढे मी करावे.

घरात ओव्हन नाही. मिक्सर, फ्रिज, दोन शेगड्यांचा गॅस आणि माळ्यावर ठेवलेले पितळी पुरणयंत्र आहे. अंडी आम्ही घरात आणत नाही. नरखेडच्या नातेवाइकांकडून दरवर्षीप्रमाणे संत्र्यांची एक पेटी येणार आहे, त्यामुळे त्यांचा उपयोग झाल्यास उत्तमच. जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

काटोलकर

आजोबा, नमस्कार. आमची काटोल तालुक्यात संत्र्याची बाग आहे, म्हणून पदार्थ सांगण्याआधी तुमच्या नातीला निर्दोष ठरवणे मला माझे कर्तव्य वाटते. चूक तिची नव्हती, क्रमाची होती. दुधातील केसीन नावाचे प्रथिन आम्ल वाढले की एकमेकांना चिकटून गोळा होऊ लागते, आणि दूध जितके गरम असेल तितके ते लवकर होते. लिंबू पिळून आपण पनीर करतो ते याच तत्त्वावर. संत्रे जिभेला गोड लागले तरी त्याचा रस आम्लच असतो, म्हणून उकळत्या दुधात तो कोणाच्याही हातून पडला असता तरी तेच झाले असते.

संत्र्याची बासुंदी करायचीच असेल तर बासुंदी आदल्या दिवशी करून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावी, आणि वाढण्याच्या अगदी आधी तिच्यात रस न घालता सोललेल्या फोडींचा अख्खा गर हलक्या हाताने मिसळावा. गराच्या त्या बारीक थेंबांसारख्या पिशव्या शाबूत असतील तर आम्ल त्यांच्या आतच राहते आणि दूध टिकते. शिल्लक बासुंदी मात्र दुसऱ्या दिवसावर ठेवू नये.

दुसरी गोष्ट कडूपणाची. संत्र्याच्या बिया आणि फोडीवरील पापुद्रा यांत एक घटक असतो, जो आरंभी कडू नसतो, परंतु फळ चिरडले गेले की रसातील आम्लाच्या संपर्काने त्याचे लिमोनिन या कडू द्रव्यात रूपांतर होऊ लागते. त्यामुळे मिक्सरमध्ये सबंध फोडी फिरवून काढलेला रस त्या क्षणी छान लागतो आणि काही तासांनी तोच कडवट होतो; शिजवला तर आणखी लवकर. घरी केलेली संत्रा बर्फी कडू झाली अशी तक्रार करणाऱ्या बहुतेकांनी बियांसकट फोडी मिक्सरमध्ये घातलेल्या असतात. यावर उपाय एकच, आणि तो तुमच्या पथ्यावर पडणारा आहे: फोडी हाताने सोलायच्या. तीन मुले, एक परात आणि दोन डझन संत्री एवढ्यावर तासभराचे काम तयार होते.

हे काम कसे शिकवावे तेही सांगतो. फोडीची आतली, म्हणजे बिया असलेली कड नखाने किंवा बोथट कात्रीने उघडायची, दोन्ही बाजूंचे पापुद्रे पुस्तक उघडावे तसे मागे दुमडायचे, बिया एका वाटीत झटकायच्या आणि गर दुसऱ्या वाटीत घ्यायचा. पहिल्या चार-पाच फोडींचा चिखल होतो, तो त्यांनी खाऊन टाकावा. त्यानंतर मुलांची बोटे अशी बसतात की मोठ्यांनी बघत राहावे. साडेचार वर्षांच्या मुलीला फोडी जमणार नाहीत, पण वरची साल नक्की काढता येईल, कारण नागपुरी संत्र्याची साल मुळातच सैल असते. बाजारातून वाढीव फळे आणायची झाल्यास एवढे पाहावे की हातगाडीवर नागपुरी म्हणून किन्नूही विकला जातो. त्याची साल गराला घट्ट चिकटलेली आणि बिया कितीतरी जास्त असतात, म्हणून लहान मुलांच्या हातात तो देण्यात अर्थ नाही. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले खरे, पण हातगाडीवर ते कोण तपासतो!

बर्फीचे माप असे आहे. एक वाटी दाबून भरलेला गर आणि अर्धी वाटी साखर जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर ठेवून जॅमसारखे घट्ट होईपर्यंत आटवावे आणि पूर्ण थंड होऊ द्यावे. पाव किलो खवा वेगळा, रंग न बदलता परतून घ्यावा, त्यात थंड झालेला गर मिसळून पुन्हा मंद आचेवर गोळा सुटेपर्यंत सराट्याने हलवावे. गरातील पाणी आधी आटवण्यातच सगळे मर्म आहे. ते राहिले तर खवा रवाळ होतो आणि वड्या पडत नाहीत. आच तुमची. तूप लावलेल्या ताटात, मिश्रण कोमट झाल्यावर वाटीच्या बुडाने थापणे मुलांचे.

महालातली मावशी

बर्फी चांगलीच आहे, परंतु आजोबांनी पुरणयंत्राचा उल्लेख केला तेव्हाच माझ्या मनात श्रीखंड आले. शिवाय काटोलकरांनी दूध फाटण्याचे जे कारण सांगितले, त्याचेच उत्तर श्रीखंडात आहे. दही हे आधीच आंबट होऊन विरजलेले दूध असल्यामुळे त्यात संत्रे घातले तरी फाटण्यासारखे काही उरलेले नसते. गेल्या वर्षी ज्या मुलीच्या हातून दूध नासले असे तिला वाटते, तिच्याच हाताने यंदा निर्धास्तपणे संत्रे घालू द्या.

हा दोन दिवसांचा कार्यक्रम आहे आणि सुट्टीत तो तसाच असावा. पहिल्या संध्याकाळी दीड लिटर मलईचे दूध तापवून कोमट करावे. करंगळी बुडवून दहा मोजेपर्यंत सहन होईल इतपत कोमट असावे. हे मोजणे धाकटीला द्यावे, मात्र दुधाची ऊब आधी आपण पाहून घ्यावी. त्यात दोन चमचे ताजे दही मिसळावे. आपल्याकडे डिसेंबरच्या अखेरीस रात्रीचे तापमान १० अंशांच्या आसपास उतरते, आणि अशा थंडीत दही लागतच नाही, ही दरवर्षीची रड असते. भांडे जुन्या शालीत गुंडाळून गव्हाच्या कोठीत किंवा बंद कपाटात ठेवावे. आमच्याकडे ते आजोबांच्या मफलरीत बांधून ठेवत असत आणि सकाळी मफलर मागायला आलेल्या आजोबांना दही लागेपर्यंत थांबावे लागे.

सकाळी दही स्वच्छ, पातळ सुती फडक्यात बांधून टांगायचे. मुलांना स्वयंपाकातले काही दाखवायचेच असेल तर हे दाखवा. सुरुवातीला पाणी धारेने पडते, मग टपटप, आणि तासाभराने दोन थेंबांच्या मध्ये श्वास घेण्याइतके अंतर पडते. माझा नातू खाली स्टीलचे पातेले ठेवून त्या आवाजावरून आता किती पाणी उरले असेल याचा अंदाज बांधत बसायचा. हिवाळ्यात सहा-सात तास बाहेर टांगले तरी दही आंबत नाही. मे महिन्यात मात्र ही पोटली फ्रिजमध्येच टांगावी लागते. दीड लिटर दुधाच्या दह्याचा साधारण ६०० ग्रॅम चक्का निघतो. तुम्ही गणिताचे शिक्षक आहात, तेव्हा आधी दही आणि नंतर चक्का तोलून किती टक्के पाणी गेले हे थोरलीला काढायला लावा. सुट्टीत गणित दिल्याचा दोष माझ्यावर घ्यायला मी तयार आहे.

जुन्या पद्धतीने चक्क्याच्या बरोबरीने साखर घालतात, पण मुलांसाठी आणि संत्र्यासाठी ६०० ग्रॅमला ४०० ग्रॅम पिठीसाखर पुरते. चक्का आणि साखर हाताने कालवून अर्धा तास झाकून ठेवावे, मग पुरणयंत्राला बारीक छिद्रांची जाळी लावून त्यातून काढावे. एकाने यंत्र धरायचे, दुसऱ्याने दांडा फिरवायचा आणि तिसरीने खालचे पातेले सरकवायचे, अशी तिघांनाही पुरेल एवढी कामे यात निघतात, फक्त दांडा कोणी फिरवायचा यावरून भांडण होते म्हणून पाळी आधीच ठरवून घ्यावी. बारा महिने माळ्यावर असलेले पितळी यंत्र चिंच लावून घासून, धुऊन, कोरडे करून घ्यायला विसरू नका. त्याला कल्हई नसेल किंवा उडाली असेल तर त्यातून आंबट चक्का काढू नये. पितळेत दही कळकते. तशा वेळी स्टीलच्या पिठाच्या चाळणीतून वाटीने घासून काढावा, वेळ थोडा अधिक लागतो इतकेच.

संत्र्याचा गर शेवटी घालायचा, आणि तोही चाळणीत पंधरा मिनिटे निथळून. मी पहिल्यांदा तसाच घातला होता आणि श्रीखंडाचे मठ्ठ्यासारखे काहीतरी झाले होते. सोलण्यापूर्वी एका धुतलेल्या संत्र्याची वरची केशरी साल बारीक किसणीवर चिमूटभर किसून घातली तर केशराची आठवणही येत नाही. पांढरा भाग मात्र किसू नये, तो कडू असतो.

दोन शाळकऱ्यांची आई

वरचे दोन्ही प्रतिसाद वाचून तोंडाला पाणी सुटले, तरी एक गोष्ट नम्रपणे नोंदवते: मुले प्रवास करून आली की पहिल्या दिवशी त्यांना एका तासात हाती लागणारे काहीतरी हवे असते. त्यासाठी आमच्याकडे बिस्किटांचा रोल हा हुकमी पदार्थ आहे. एक मोठा, म्हणजे २०० ग्रॅमच्या आसपासचा मारी बिस्किटांचा पुडा जाड पिशवीत घालून पिशवीचे तोंड बांधावे आणि मुलांच्या हाती लाटणे द्यावे. मिक्सर मुळीच वापरू नये, कारण कुटण्यात जो आनंद आहे तो बटण दाबण्यात नाही. त्या चुऱ्यात तीन मोठे चमचे कोको पावडर, तीन चमचे पिठीसाखर आणि पोळीच्या कणकेसारखा गोळा होईल इतकेच दूध, तेही चमच्या-चमच्याने घालावे. दूध एकदम ओतले की सगळे सरबरीत होते, हा माझा दोनदा घेतलेला अनुभव आहे.

सारणासाठी एक वाटी सुक्या खोबऱ्याचा बारीक कीस, अर्धी वाटी पिठीसाखर आणि दोन चमचे मऊ लोणी कालवावे. तूप लावलेल्या प्लास्टिकच्या कागदावर कोकोचा गोळा लाटून त्यावर सारण पसरावे, कागदाच्याच आधाराने घट्ट गुंडाळी करावी आणि दीड तास फ्रिजमध्ये ठेवून चकत्या कापाव्यात. चकतीतली पांढरी-तपकिरी गुंडाळी पाहून मुलांना जे वाटते ते सांगण्याची गरज नाही. हिवाळ्यात हा रोल ताटात तासभर नीट राहतो. उन्हाळ्यात मी एकदा वाढदिवसाला केला होता तेव्हा पाहुणे येईपर्यंत त्याची बैठक पार मोडली होती.

त्रिमूर्तीनगरचे आजोबा

सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. काटोलकरांचे स्पष्टीकरण मी नातीला फोनवर वाचून दाखवले. "म्हणजे माझी चूक नव्हतीच ना?" असे तिने तीनदा विचारून घेतले. मावशींच्या सूचनेनुसार पुरणयंत्र खाली काढले असून त्याची कल्हई शाबूत आहे.

दोन शंका आहेत. एक म्हणजे धाकटीला विस्तव, सुरी आणि किसणी यांपासून दूर ठेवून, तरीही आपण काहीतरी महत्त्वाचे करत आहोत असे वाटेल असे काम कोणते द्यावे? दुसरी अशी की ३१ तारखेला शेजारची चार-पाच मुलेही येणार आहेत. त्यांच्यासाठी दिसायला गंमतीदार आणि फार गोड नसलेले काही आहे का? दुकानातली जेली प्राण्यांपासून केलेल्या जिलेटिनची असू शकते असे ऐकल्यामुळे ती आम्ही टाळतो.

हिंगणा रोडची काकू

दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करते, कारण तिचे उत्तर तुमच्या संत्र्याच्या पेटीतच आहे. चायना ग्रास, म्हणजे अगर-अगर, हे समुद्री शेवाळापासून काढलेले असून पूर्ण शाकाहारी असते, आणि त्याची जेली संत्र्याच्या सालीच्याच वाटीत लावता येते. संत्री आडवी मधोमध कापावीत, चमच्याच्या दांड्याने साल गरापासून अलगद सोडवावी आणि गर अख्खाच्या अख्खा बाहेर काढावा. साल सैल असल्यामुळे हे नागपुरी संत्र्यात सहज जमते, मात्र देठाकडे साल पातळ असते तिथे घाई केली तर भोक पडते. भोक पडलेल्या वाट्या मुलांना खेळायला द्याव्यात. उरलेल्या वाट्या कलंडू नयेत म्हणून प्रत्येक साल घरातल्या छोट्या स्टीलच्या वाटीत बसवून ठेवावी.

काढलेला गर पिळून, गाळून दीड कप रस घ्यावा. त्यासाठी ८-९ संत्री लागतील. १० ग्रॅम चायना ग्रासचे कात्रीने तुकडे करून दीड कप पाण्यात अर्धा तास भिजवावे आणि त्याच पाण्यात उकळावे. एकही धागा दिसेनासा होईपर्यंत उकळणे आवश्यक आहे, नुसते गरम होऊन चालत नाही, कारण हा पदार्थ उकळत्या पाण्याच्या जवळपासच विरघळतो. त्यातच चवीपुरती साखर विरघळवून गाळून घ्यावे, गॅस बंद करावा आणि मग रस घालावा. येथे दोन चुका होतात. रस घालून उकळले तर आम्लामुळे अगरची पकड ढिली पडते, आणि फ्रिजमधला थंडगार रस घातला तर अगर तिथल्या तिथे गुठळ्या होऊन आळते. म्हणून रस आधी बाहेर काढून ठेवावा किंवा किंचित कोमट करावा. काटोलकरांनी सांगितलेल्या कडूपणामुळे तो आदल्या दिवशी काढून मात्र ठेवू नये.

हे मिश्रण तुम्ही स्वतः सालींमध्ये काठोकाठ ओता. अगर सुमारे ३५ ते ४० अंशांना आळू लागते आणि पुन्हा पातळ व्हायला त्याला ८५ अंशांच्या आसपास उष्णता लागते, म्हणून डिसेंबरात ही जेली ओट्यावरच अर्ध्या-पाऊण तासात आळेल, आणि एकदा आळली की मुले कितीही वेळ हातात घेऊन फिरली तरी वितळणार नाही. आपल्या मे महिन्यात, दुपारी ४५ अंशांना, ती ओट्यावर आळायलाही तयार होत नाही. पूर्ण आळल्यावर प्रत्येक अर्ध्या संत्र्याचे धारदार सुरीने सालीसकट तीन तुकडे करावेत. ताटात मांडले की संत्र्याच्या फोडीच दिसतात, आणि त्यांतला गर चकाकता व हलणारा असतो. शेजारच्या मुलांना आधी काही सांगू नका.

आता धाकटीविषयी. साडेचार वर्षांच्या मुलाला काम छोटे चालते, पण खोटे चालत नाही. आपण बाजूला बसून दिलेल्या पिठाच्या गोळ्याशी खेळत आहोत आणि खरा पदार्थ ओट्यावर होतो आहे, हे त्याला लगेच कळते. म्हणून तिला असे काम द्यावे, जे तिने केले नाही तर पदार्थ अडेल. खोबऱ्याचे लाडू त्यासाठी उत्तम आहेत. दोन वाट्या सुक्या खोबऱ्याच्या किसात साधारण २०० ग्रॅम, म्हणजे अर्धा डबा कंडेन्स्ड मिल्क घालून आपण मंद आचेवर चार-पाच मिनिटे परतावे आणि पूर्ण निवल्यावर ताट तिच्यापुढे ठेवावे. भावंडांनी लाडू वळायचे आणि तिने प्रत्येक लाडू कोरड्या किसात घोळवून ताटात मांडायचा. तिच्या हाताखालून गेल्याशिवाय एकही लाडू पूर्ण नाही, असा नियम घरात जाहीर करावा. ओट्याऐवजी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसावे, म्हणजे उंचीचाही प्रश्न राहत नाही आणि गॅसही आपोआप दूर राहतो.

एवढ्या लहान मुलांच्या पदार्थात अख्खे बदाम, काजू किंवा शेंगदाणे घालू नयेत, ते घशात अडकू शकतात. घालायचेच तर भरड पूड करून घालावेत. शेजारची मुले येणार आहेत, तेव्हा कोणाला शेंगदाणे किंवा दूध वर्ज्य आहे का, हे त्यांच्या आईवडिलांना आधी विचारून ठेवावे. आणि पाकाचे काही करायचे झाल्यास मुले खोलीबाहेर असावीत. उकळते पाणी अंगावर उडाले तर निथळून जाते, पाक मात्र पाण्याहून गरम असतो आणि चिकटून बसतो.

काटोलकर

काकूंनी सांगितलेल्या सालींच्या वाट्यांना दाद द्यावीशी वाटते. आम्ही बागेवाले इतकी वर्षे त्या खड्ड्यात टाकत आलो. उरलेल्या सालीचा एक खेळही सांगून ठेवतो. फुगवलेल्या रबरी फुग्याजवळ संत्र्याची ताजी साल दुमडून पिळली तर तिच्यातून उडणाऱ्या तेलाने फुगा फटकन फुटतो, कारण ते तेल रबराला विरघळवते. ३१ तारखेला फुगे लावणारच असाल तर उपयोगी पडेल. सालीचे तेच तेल डोळ्यांत गेले तर चांगलेच झोंबते, तेव्हा पिळताना तोंड दुसरीकडे असावे.

भंडाऱ्याहून

सगळे संत्र्यामागे लागलेले पाहून थोडा विरोधी सूर लावतो. नातवंडे पुण्याची आहेत. श्रीखंड, बर्फी आणि चॉकलेट त्यांना तिथेही मिळते. आपल्याकडचे कोहळ्याचे बोंडे त्यांनी कधी खाल्ले आहेत का? लाल कोहळ्याच्या फोडी वाफवून त्यात गरम असतानाच गूळ घालावा, निवल्यावर मुलांना ते हाताने कुस्करू द्यावे आणि मावेल तेवढी कणीक, वेलची व चिमूटभर मीठ घालून भज्यांसारखे सैलसर भिजवू द्यावे. कणीक किती लागेल हे कोहळ्यात पाणी किती आहे यावर ठरते, त्यामुळे येथे गणिताच्या शिक्षकांचेही काही चालणार नाही. तळणे अर्थातच तुमच्याकडे. मंद आचेवर तळावेत, नाहीतर गुळामुळे बाहेरून काळे आणि आतून कच्चे राहतात. कोहळे म्हटल्यावर नाक मुरडणारी मुलेही हे खातात, पण त्यांना नाव नंतर सांगावे.

त्रिमूर्तीनगरचे आजोबा

आज २ जानेवारी. मुले काल रात्रीच्या गाडीने परत गेली आणि घर एकदम मोठे वाटू लागले आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

बिस्किटांचा रोल पहिल्याच संध्याकाळी झाला. नातवाने पिशवीवर लाटणे इतक्या जोराने मारले की पिशवी फुटली आणि अर्धा चुरा फरशीवर गेला, परंतु दुसरा पुडा घरात होता. श्रीखंडाचे दही पहिल्या रात्री लागले नाही, कारण मी भांडे शालीत न गुंडाळता नुसते कपाटात ठेवले होते. दुसऱ्या रात्री सौभाग्यवतींची शाल मिळाली आणि काम झाले. आमचे दही १४५० ग्रॅम भरले आणि चक्का ६१० ग्रॅम, म्हणजे ५८ टक्के पाणी गेले. नातीने हे उत्तर दोनदा तपासून फ्रिजवर चिकटवले आहे. संत्र्याचा गर घालताना तिने हात मागे घेतला आणि माझ्याकडे पाहिले. मी काहीच बोललो नाही. मग तिने एक चमचा घातला, ढवळला, अर्धा मिनिट पातेल्याकडे टक लावून पाहिले आणि उरलेला सगळा गर एकदम ओतला.

जेलीच्या फोडी तासाभरात संपल्या. १६ वाट्यांपैकी ५ फुटल्या आणि ११ चांगल्या निघाल्या. धाकटीने लाडवांच्या ताटाजवळून कोणालाही हलू दिले नाही. तिच्या परवानगीशिवाय मी एक लाडू उचलला, तो मला परत ठेवावा लागला. बोंड्यांचा बेत राहून गेला, तो उन्हाळ्यासाठी ठेवला आहे.

मावशी, एक विचारायचे राहिले. चक्क्याचे सुमारे पाऊण लिटर पाणी मी बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवले आहे. त्याचे काय करावे?

महालातली मावशी

उद्याच्या पोळ्यांची कणीक त्यात भिजवा, पोळ्या मऊ होतात; मात्र पाणी आंबट असल्यामुळे निम्मे साधे पाणी घाला. उरलेल्यात बेसन कालवून कढी करा. दोन-तीन दिवसांपेक्षा अधिक ठेवू नका. आणि पुरणयंत्राची जाळी पूर्ण वाळल्याशिवाय माळ्यावर टाकू नका.